क्लचची वायर तुटली तर घरी कसं पोहोचायचं? क्लच न दाबता गियर बदलण्यामागचं यंत्र आणि हिशेब

ग्वाल्हेर : ग्वाल्हेरहून शिवपुरीकडे निघालं की घाटीगाव सोडल्यावर वस्ती विरळ होत जाते. पुढे मोहना गावापर्यंत दोन्ही बाजूंना जंगल आणि दगडाळ माळ. अशा ठिकाणी मोटारसायकलची क्लच वायर तुटली तर? डाव्या हातातला क्लच एकदम सैल पडतो, इंजिन चालूच असतं, गाडी तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये पळत असते. बहुतेक जण घाबरून ब्रेक मारतात. गाडी झटका खाऊन बंद पडते आणि मग ढकलणं सुरू होतं.

वास्तविक त्या क्षणी गाडी धडधाकट असते. इंजिन ठीक, गियरबॉक्स ठीक, ब्रेक ठीक. तुटलेली असते फक्त पोलादी तारांची एक दोरी. ती नसतानाही गियर पडतात, वरही आणि खालीही. ब्रेक न मारता, वेग राखून गाडी चालवत राहिलं तर पुढच्या गॅरेजपर्यंत आरामात जाता येतं. पण ते कसं, हे आधी ठाऊक पाहिजे. वायर तुटल्यावर शिकायला वेळ नसतो.

दुसरीकडे शहरात वेगळंच चित्र आहे. फूलबाग, पडाव, थाटीपूर, कुठेही बघा, कॉलेजची पोरं क्लचला हात न लावता फटाफट गियर टाकतात आणि वर सांगतात की यानं क्लच प्लेट वाचते, पिकअप चांगला मिळतो. बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूर, सोलापूर इथल्या वाचकांनीही आपापल्या चौकात हे पाहिलं असेल. एकच क्रिया आहे, पण एका ठिकाणी ती अडचणीतून सोडवते आणि दुसऱ्या ठिकाणी खिशाला चाट लावते. हा फरक समजायचा तर गियरबॉक्सच्या आत डोकावावं लागेल.

आत नक्की काय होतं?

गियर टाकला की दातेरी चाकं सरकून एकमेकांत घुसतात, असा पुष्कळांचा समज आहे. आजच्या मोटारसायकलीत तसं नसतं. चाकांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. मात्र प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळं गरगरत असतं, त्याचं शाफ्टशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या शेजारचं चाक शाफ्टबरोबर फिरतं आणि शाफ्टवर थोडं इकडेतिकडे सरकूही शकतं. या सरकत्या चाकाच्या अंगाला जाडजूड, चौकोनी दात असतात. मेकॅनिक त्यांना ‘डॉग’ म्हणतात. पायाने गियर टाकला की आतला ड्रम थोडा फिरतो, ड्रमवरच्या खाचेतून फोर्क सरकतो, फोर्क त्या चाकाला ढकलतो आणि डॉग शेजारच्या मोकळ्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतात. मोकळं चाक शाफ्टला बांधलं गेलं, म्हणजेच गियर पडला.

कारमध्ये ही जुळणी करायला सिंक्रोनायझर असतो. तो दोन्हींचा वेग आधी एकसारखा करतो आणि मगच चाक अडकू देतो. मोटारसायकलीत ही भानगड नाही. तिथली चाकं लहान आणि हलकी, म्हणून डॉग सरळ खाचेत आपटून बसतात. पहिला गियर टाकताना जो ‘खट्’ आवाज येतो तो त्याचाच. क्लचशिवाय गियर बदलणं दुचाकीत सोपं आणि कारमध्ये कठीण, त्याचं मुख्य कारण हेच.

आता क्लच कशाला लागतो ते बघा. तुम्ही रेस देत असता तेव्हा इंजिन मागच्या चाकाला ओढत असतं, आणि ती सगळी ओढ त्या डॉगच्या दातांवर आलेली असते. दात एकमेकांवर इतके रेटलेले असतात की पायाने कितीही दाबा, ते सुटत नाहीत. घरातल्या जुन्या दाराची कडी आठवा. दार फुगून कडीवर रेललं की कडी हलता हलत नाही. दार जरासं आपल्याकडे ओढलं की तीच कडी एका बोटाने सरकते. क्लच दाबणं म्हणजे दार आपल्याकडे ओढणं. इंजिनाची ओढ क्षणभर तुटते, दात सैल होतात, गियर सुटतो आणि दुसरा पडतो.

पण दार ओढायचा दुसराही मार्ग आहे. तो उजव्या हातात असतो. रेस एकदम सोडली की इंजिन चाकाला ओढायचं थांबतं, आणि पुढच्याच क्षणी उलटं होतं, चाक इंजिनाला ओढू लागतं. (उतारावर रेस सोडल्यावर गाडी आपोआप आवरते ती यामुळेच.) या दोन ओढींच्या मधोमध एक निमिष असं येतं की कोणीच कोणाला ओढत नाही. डॉगच्या दातांवर भार शून्य. नेमक्या त्या निमिषाला पायाचा हलका दाब तयार असला तर गियर लोण्यासारखा सरकतो. क्लच न दाबता गियर बदलण्याचं गुपित एवढंच आहे.

वरचा गियर टाकताना हे सोपं का जातं? समजा तिसऱ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय आणि त्याच वेगाला चौथ्यात ४,००० फेरे लागतात. रेस सोडली की इंजिन आपसूक खाली येतंच, म्हणजे ज्या दिशेला जायला हवं त्याच दिशेला जातं. खालचा गियर टाकताना उलट आहे. तिथे इंजिनाचे फेरे वाढायला हवेत, पण रेस सोडल्यावर ते घसरतात. म्हणून गियर निसटल्याबरोबर एक हलकी रेस देऊन इंजिन वर आणावं लागतं. हे कानानं जमतं, डोळ्यांनी नाही. जुन्या ट्रकांना सिंक्रोनायझर नव्हते तेव्हा ड्रायव्हर लोक गियर बदलताना मधेच रेस देऊन आवाज जुळवायचे. आग्रा–मुंबई रस्त्याने ग्वाल्हेर, गुणा, इंदूर, धुळे, नाशिक असा माल नेणाऱ्या त्या पिढीला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

जावा, येझदी आणि विसरलेली सोय

गंमत म्हणजे क्लच न दाबता गियर बदलायची सोय आपल्या देशातल्या एका लाडक्या गाडीत कंपनीनेच दिली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात आधी जावा आणि मग येझदी या नावाने गाड्या बनल्या. त्यांत डाव्या पायाला एकच दांडा असायचा. तो आत दाबून वर फिरवला की किक, आणि खाली आणला की गियर. या दांड्याची आतली रचना अशी की पायाने गियर दाबायला लागलं की दांडा आधी क्लच सोडवायचा आणि नंतर गियर टाकायचा. म्हणजे डाव्या हाताचं काम पायच करायचा. गाडी जागेवरून हलवताना हातातला क्लच लागे, एकदा चालू लागली की नाही वापरला तरी चाले. येझदी चालवलेल्या काका-मामांना विचारा, ते हसतील. २०१८ पासून जावा पुन्हा आली, आणि तीही आपल्या मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला बनते. पण जुन्या दांड्याची ती करामत नव्या गाडीत नाही.

त्याआधी, १९५८ मध्ये, जपानच्या होंडाने सुपर कब काढली. तिला क्लचचा लिव्हरच नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की आतला क्लच आपोआप पकडायचा आणि वेग कमी झाला की सोडायचा, शिवाय गियर दाबतानाही सुटायचा. हॉटेलातून घरोघर खाणं पोहोचवणाऱ्या पोऱ्याला एक हात मोकळा राहावा, हा त्यामागचा विचार असल्याचं सांगतात. २०१७ मध्ये या गाडीच्या उत्पादनाने १० कोटींचा आकडा ओलांडला. आपल्याकडे हीरो होंडाने ‘स्ट्रीट’ नावाने आणि टीव्हीएसने २००९ मध्ये ‘जाइव्ह’ नावाने तशा गाड्या विकून पाहिल्या. दोन्ही चालल्या नाहीत. माझ्या मते त्यात यंत्राचा दोष कमी आणि गिऱ्हाइकाचा हिशेब जास्त होता. आपल्याकडे माणूस गाडी घेतानाच ती विकताना काय मिळेल ते बघतो, आणि वेगळ्या गाडीला पुढचा गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. क्लच नको असलेल्यांनी सरळ बिनगियरची स्कूटर घेतली.

वायर तुटली, आता काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी चालू आहे आणि वायर तुटली. पहिली गोष्ट, ब्रेक मारू नका. मागून काही येत नाही ना ते बघून रस्त्याच्या डाव्या कडेला या, वेग तीस-चाळीसवर आणा आणि तिसऱ्या गियरमध्येच चालत राहा. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी तिसऱ्यात बऱ्यापैकी हळूही चालते आणि बऱ्यापैकी पळतेही. गियर जितके कमी वेळा बदलाल तितकं बरं.

वरचा गियर टाकायचा झाला तर पाय आधी गियरवर हलका रेटून ठेवा. मग रेस पटकन सोडा. गियर पडल्याचं पायाला कळतं. लगेच रेस पुन्हा द्या. पायानं लाथ मारायची गरज नाही. लाथ मारावी लागतेय म्हणजे रेस नीट सुटलेली नाही. खालच्या गियरसाठी आधी गाडी ब्रेकने हळू करा, पाय रेटून ठेवा, रेस सोडा आणि लगेच हलकीच द्या. पंचेचाळीस-पन्नासच्या वेगात सरळ दुसरा टाकायला जाऊ नका. मागचं चाक लॉक झाल्यासारखं घसरतं, आणि पावसात तर गाडी हातात राहत नाही. कधी कधी गियर दोन घरांच्या मधेच अडकतो आणि रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडतं. याला फॉल्स न्यूट्रल म्हणतात. घाबरू नका, रेस सोडून पुन्हा हलका दाब द्या. मात्र तेवढ्या वेळात इंजिनाचा ब्रेक नसतो, म्हणून बोटं पुढच्या ब्रेकवर तयार हवीत.

खरी कसोटी गियर बदलण्याची नाही, थांबण्याची आणि निघण्याची आहे. क्लचचं जे काम दुसऱ्या कशानं होत नाही ते हेच. चाक थांबलेलं आणि इंजिन फिरतं, या दोघांना जोडायचं कसं?

थांबायचं असेल तर गाडी हळू चालत असतानाच न्यूट्रल काढा. पूर्ण थांबल्यावर भार दातांवर अडकतो आणि न्यूट्रल सापडत नाही. काही गाड्यांत सगळे गियर एकाच दिशेने पडतात आणि न्यूट्रल टोकाला असतो, काहींत पहिला खाली, बाकी वर आणि न्यूट्रल मधे. आपल्या गाडीचं काय ते माहीत असू द्या. न्यूट्रल नाहीच मिळाला तर किल स्विच किंवा चावी बंद करून ब्रेक दाबा. गाडी बंद पडेल, एवढंच.

पुन्हा निघायला सगळ्यांत सोयीचा म्हणजे उतार. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, गाडी उतारावर सोडा, माणूस धावेल इतका वेग आला की पहिला किंवा दुसरा गियर टाका. सपाटीवर मागे बसलेल्याला उतरवून धक्का द्यायला सांगा. धक्का मारून स्वतःच उडी मारून बसणं सर्कशीत शोभतं, हायवेवर नाही. सेल्फ-स्टार्ट असेल तर आणखी एक उपाय आहे. बंद गाडीत पहिला गियर टाकून स्टार्टर दाबायचा. गाडी झटके देत पुढे सरकते आणि इंजिन पकडतं. नव्या गाड्यांत गियरमध्ये असताना क्लच लिव्हर दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, पण तो स्विच लिव्हरपाशी असतो, वायरशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे सैल लिव्हर दाबला तरी काम होतं. काही गाड्या मात्र न्यूट्रलशिवाय सुरूच होत नाहीत. हा उपाय बॅटरी आणि स्टार्टरला जड जातो, तेव्हा समोर रस्ता मोकळा असेल तरच, आणि एकदोनदाच. बुलेटसारख्या जड गाडीवर यातलं काहीही करण्यापेक्षा टेम्पो बोलावलेला बरा.

आणि शहरात शिरू नका. लष्कर हे नावच दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीवरून पडलं. तिथल्या पेठांमधून आजची गर्दी वाट काढते. महाराज बाड्यावर दर दहा पावलांवर थांबावं लागतं, तिथे क्लचशिवाय गाडी नेणं म्हणजे कोणाच्या तरी पायावर घालणं. किल्ल्यावर उरवाई दरवाज्याने चढणाऱ्या रस्त्याचंही तेच. चढावर थांबलात की क्लचशिवाय निघणं जवळपास अशक्य. हायवेवर पहिलं गॅरेज दिसलं की तिथेच मुक्काम.

‘क्लच वाचतो’ हा हिशेब चुकीचा

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून पोरांच्या बचतीच्या दाव्याचा जमाखर्च मांडून पाहतो. क्लच प्लेट झिजते कधी? ती घसरते तेव्हा. म्हणजे जागेवरून निघताना, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलताना, ट्रॅफिकमध्ये दोन बोटं कायम क्लचवर ठेवून चालवताना. धावत्या गाडीत गियर बदलताना प्लेट अर्धा सेकंदही घसरत नाही. तेव्हा गियर बदलताना क्लच न दाबून जे वाचतं ते जवळजवळ शून्य. जागेवरून निघताना तर सगळ्यांनाच क्लच लागतो, बचत तिथे व्हायला हवी होती.

आता खर्चाची बाजू. वेळ चुकली की डॉगचे कोपरे घासून गोल होतात. दोन-चार वेळा काही होत नाही. रोज पन्नास वेळा, वर्षभर, तेही लाथ मारून केलं की दात गोल होतात, फोर्क वाकतो, आणि मग भर रेसमध्ये गियर आपोआप निसटू लागतो. ओव्हरटेक करताना असं झालं तर काय, ते सांगायला नको. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत गियरबॉक्स इंजिनाच्याच पेटीत असतो. म्हणजे एक चाक बदलायला इंजिन उतरवून पेटी दुभंगावी लागते. पार्ट, गॅस्केट, ऑइल, मजुरी आणि दोन-तीन दिवसांची खोटी. क्लच प्लेटचा संच मात्र बाजूचं झाकण काढून बदलता येतो. स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू झिजवणं, याला बचत म्हणत नाहीत.

मग रेसवाले का करतात? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली, इथून पोरं यमुना एक्सप्रेसवेने बघायला गेली होती. तिथे स्वार क्लच वापरतो तो शर्यत सुरू होताना, बाकी गियर क्लचशिवाय. पण त्या गाड्यांचे गियरबॉक्स मुळात त्यासाठी बनवलेले असतात आणि सतत उघडून तपासले जातात. त्यांचं गॅरेज आणि हजिऱ्यातलं आपलं गॅरेज यांत फरक आहे.

तेच तंत्र आता ‘क्विकशिफ्टर’ म्हणून शोरूमपर्यंत आलंय. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला ते २०२० पासून मिळतं, टीव्हीएस आणि यामाहाच्याही काही गाड्यांत आहे. गियरच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. पायाचा दाब आला की तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्श्यापुरती ठिणगी तोडतो. रेस उघडी असतानाही ओढ नाहीशी होते, दात सैल होतात, गियर पडतो. कडी तीच, दार ओढणारा बदलला. काही गाड्यांत तो फक्त वरच्या गियरला चालतो, काहींत खालच्यालाही. विकत घेताना हे विचारून घ्या. निघायला आणि थांबायला क्लच इथेही लागतोच.

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, १९०५ मध्ये महाराज माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, आता गाड्यांच्या विक्रीसाठीच जास्त ओळखला जातो. सरकारने रस्ता करात ५० टक्के सूट दिली त्या वर्षांत तर ऑटोमोबाइल सेक्टरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तिथे क्विकशिफ्टरवाल्या गाडीभोवती गर्दी असते आणि शेजारच्या शंभर सीसीवर पोरं तीच कला करून दाखवतात. तिच्यात सेन्सर नाही, हे तिला माहीत आहे, चालवणाऱ्याला नसतं.

राहता राहिली ती वायर. ती एका दिवसात तुटत नाही. आधी क्लच जड लागू लागतो, मग लिव्हरच्या टोकाशी, जिथे शिशाची गोळी असते तिथे, एक-एक तार उसवते. रबरी टोपी मागे सारून महिन्यातून एकदा बघा. दोन तारा उभ्या दिसल्या की बदला. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर खेळ असायला हवा. त्याहून घट्ट असेल तर प्लेट सतत घसरत राहते. शंभर सीसीच्या गाडीची नवी वायर दोन-अडीचशेच्या आत मिळते. लांबचा प्रवास करणारे एक युक्ती करतात. नवी वायर जुन्या वायरीला समांतर, त्याच वाटेने आधीच ओढून प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवायची, दोन्ही टोकांना ग्रीस लावून कॅरीबॅगचा तुकडा गुंडाळायचा. जुनी तुटली की पान्याने दोन टोकं बदलायची, टाकी उतरवायला नको. सीटखाली दहा नंबरचा पाना आणि पक्कड ठेवायला विसरू नका, आणि अंधार पडायच्या आत एकदा घरच्या अंगणात हे करून बघा.